१९८२ च्या गिरणी संपात आमचा नवा संसार कसा चालला

तुम्ही विचारलंय, इतिहासात गाजलेल्या एखाद्या वर्षी पदरी लहान मूल असलेलं तरुण जोडप्याचं घर कसं चालायचं. मी १९८२ सालचं सांगते. लालबागच्या चाळीतली एक खोली. त्यात आम्ही दोघं, सासूबाई, धाकटे दीर आणि आमची मुलगी. ती तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

आमचे हे गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणतात त्या खात्यात, बदली होते. कायम कामगारानं खाडा केला की त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटावर जायचं, काम मिळालं तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. महिन्याला किती दिवस भरतील हे कुणालाच माहीत नसायचं, म्हणून पगार किती येईल तेही नाही. अशी वर्षानुवर्षं बदलीच राहिलेली माणसं आमच्या मजल्यावर होती.

१८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप नुसत्या पगारवाढीसाठी होता असं आजही लिहिलेलं दिसतं, ते मला पटत नाही. पगारवाढ मागितली होतीच, पण बदली कामगारांना कायम करा हीही मागणी होती, आणि आमच्या घराला तीच जिव्हाळ्याची होती. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार मात्र कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, पण कायद्याच्या लेखी सामंतांशी बोलायला मालक बांधील नव्हते. संप एवढा लांबला त्याचं मोठं कारण मी हेच मानते.

होळीपर्यंत मिटेल, असं सगळे धरून चालले होते. होळी गेली. वाण्याच्या वहीतली आमची उधारी वाढत गेली, आणि एक दिवस त्यानं सांगितलं, आता रोखीनंच. त्याचा राग आला नाही. त्याची सगळी गिऱ्हाइकं गिरणीतलीच होती.

खरा फटका बसला तो सासूबाईंच्या खानावळीला. आमच्या गावाकडची एकटी राहणारी माणसं त्यांच्याकडे महिन्यानं जेवायची. संपात त्यांचे पैसे थांबले, तरी सासूबाईंनी कुणाचं ताट बंद केलं नाही. मग एकेक जण गावी निघून गेला आणि मागची बाकी तशीच राहिली. गिरणगावात, म्हणजे आमच्या गिरण्यांच्या भागात, अशा कितीतरी खानावळवाल्या होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. पण जेवायला माणूसच उरला नाही तर खानावळवाली हप्ता कुठून भरणार? संपाच्या हकिगतीत या बायका फार कमी येतात, याचं मला वाईट वाटतं. कामगार एवढे महिने टिकला तो यांच्या भातावर आणि गावच्या शेतावर.

जूनमध्ये हे आणि दीर लावणीला कणकवलीकडे आमच्या गावी गेले. तिकडून कुणी मुंबईला येणारा असला की एसटीनं तांदूळ, कुळीथ, कोकमं यायची. मी मात्र मुंबईतच राहिले. खोली रिकामी टाकायची नव्हती, आणि मला काम मिळालं होतं. तयार कपड्यांना काजं-बटणं करायची, ब्लाऊजला हुक लावायचे, नगावर पैसे. गठ्ठा आणायचा, पोरीला झोपवून रात्री शिवत बसायचं, सकाळी देऊन यायचा. पैसे थोडेच, पण अमुक नग केले की अमुक मिळणार हे ठरलेलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला आठवड्याचा हिशोब आधी मांडता आला. बदलीच्या पगारावर तो कधी जमलाच नव्हता. म्हणून तर ह्यांनी संपात उतरणं मला पटत होतं, आजही पटतं. माझ्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या, त्याची हळहळ आहे, पण संपाला मी दोष देत नाही.

ऑगस्टात मुंबईच्या पोलिसांनीच आंदोलन केलं. १८ तारखेला शहर पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. सासूबाई आणि मी पोरीला घेऊन दार लावून बसलो. दुधाचं केंद्र उघडलं नाही, तिला पेज पाजली.

हे भातकापणी उरकून परत आले तेव्हा मजल्यावरचे काही जण कामावर जायला लागले होते. त्यावरून शेजारी-शेजारी बोलणं बंद झालं. आमच्याकडे तसं झालं नाही, कारण सासूबाईंनी दोन्ही बाजूंची पोरं जेवू घातली होती. संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीर झालंच नाही. १९८३ मध्ये सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, पण ह्यांना गिरणीत परत काम मिळालं नाही. हे भिवंडीला यंत्रमागावर लागले, बारा तासांची पाळी. संपाच्या काळात गिरण्यांचं बरंच कापड तिथेच विणून घेतलं जात होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी गेले. मुलगी वर्षाची होऊन गेली होती.

या वर्षाचा संबंध अजून तुटलेला नाही. गिरणी कामगारांना सरकारी योजनेतून मिळणाऱ्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख धरली आहे. त्या दिवशी किंवा नंतर जो कामावर होता तो किंवा त्याचा वारस पात्र धरला जातो. आमचाही अर्ज आहे. बदलीला पुरावा जमवणं जड जातं. तेव्हा तुमच्या घरातलं कुणी त्या काळात गिरणीत असेल, तर गिरणीचं तिकीट, बदलीचा पास, राज्य विमा योजनेचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, जे सापडेल ते आताच शोधून जपून ठेवा.