गूळपीठ आणि गूज

‘सासूबाई माझ्याबद्दल आणि जाऊबाईंबद्दल म्हणतात, या दोघींचं गूळपीठ आहे. हे कौतुक की टोमणा? आणि हितगूज बरोबर की हितगुज?’ असं कोथरूडहून एकीनं विचारलं आहे.

टोमणाच, पण गोडसर. गूळ पिठात मळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही, म्हणून दाट मैत्रीला गूळपीठ. आता मात्र वर्तमानपत्रात गूळपीठ असतं ते अधिकाऱ्याचं आणि कंत्राटदाराचं, म्हणजे संगनमत. शिवाय हा शब्द बहुधा तिसराच माणूस वापरतो. ‘आमचं गूळपीठ आहे’ असं स्वतःहून कोण सांगतं? सांगितलं तर थट्टेनं. म्हणणाऱ्याची सल एवढीच, की यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात आजीचं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचं ‘गूळपीठ’ होतं. शब्द आजोबांचा. दुपारी दोघी पापड लाटायला बसल्या की ते मुद्दाम खाकरत जायचे. आजीच्या पाटल्या बँकेत आहेत, अशी घरात सगळ्यांची समजूत. त्या मोडून आत्याच्या कॉलेजची फी भरली होती, हे आजी गेल्यावर काकूंनी सांगितलं. तोंडात तीळ भिजत नाही असं ज्यांच्याबद्दल वाडा म्हणायचा, त्याच या काकू.

पापड लाटताना त्या दोघी करायच्या ते हितगूज. यातला ‘गूज’ संस्कृत ‘गुह्य’चा वंशज, मधला मुक्काम प्राकृत ‘गुज्झ’. म्हणजे गुपितच, पण कुणाच्या तरी कानात सांगितलेलं. जात्यावरच्या ओव्यांत मायलेकींचं गूज जागोजागी भेटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मावळ-मुळशीच्या बायकांच्या ओव्या त्यात भरपूर आहेत. सासरी जे बोलायची सोय नव्हती, ते जात्याशी बोललं गेलं.

राहिलं शुद्धलेखन. ‘गूळ’ला लागतो तोच नियम इथे: हितगूज दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, हितगुजात. तसंच गूळपीठ, पण गुळाचा. सामासिक शब्दात ‘गुळपीठ’ असंही छापलेलं दिसतं. मी दीर्घ लिहितो. सासूबाईंना मात्र हे शुद्धलेखन जाऊबाईंकडून कळवा.