ओसीआय कार्ड आहे, मग दापोलीची शेतजमीन घेता येईल का?

प्रश्न : मी ६७ वर्षांचा असून न्यू जर्सीत राहतो. अमेरिकी नागरिक आहे, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं) आहे. पत्नी मूळची अमेरिकीच, तिच्याकडे फक्त पर्यटक व्हिसा आहे. पुढच्या वर्षी दापोली तालुक्यातल्या माझ्या गावी कायमचं राहायला यायचं ठरतंय. वडील २०२१ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. सातबारावर आई आणि धाकट्या भावाचीच नावं लागली. माझं आणि बहिणीचं नाव नाही. भाऊ म्हणतो, परदेशी नागरिकाचं नाव लागत नाही, हक्कसोड करून दे. गावाशेजारी फार्महाऊससह वीस गुंठे जमीन मिळते आहे. एजंटला इसार दिला आहे. तो म्हणतो, वडिलांच्या सातबारावरून शेतकरी दाखला काढू, काही अडचण नाही. काय करावं?

उत्तर : सर्वांत आधी, उरलेल्या रकमेतला एक रुपयाही एजंटला देऊ नका आणि हक्कसोडपत्रावर सही करू नका. बाकीचं सगळं निस्तरता येईल, पण या दोन गोष्टी एकदा झाल्या की मागे फिरणं फार अवघड जातं.

इसार पावतीचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यातलं चौथं कलम पुन्हा वाचा : ‘लिहून घेणार हे भारतीय नागरिक असून शेतकरी आहेत.’ तुम्ही भारतीय नागरिक नाही. म्हणजे त्या कागदावर तुमच्या सहीनिशी खोटं विधान आहे, आणि उद्या काही झालं तर एजंट नव्हे, तुम्ही उत्तर द्यायचं आहे.

एजंट दोन वेगळे कायदे एकात मिसळतो आहे. कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आडवं येतं, आणि शेतकरी दाखला उपयोगी पडला तर तेवढ्यापुरता. तुमची खरी अडचण फेमाची, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याची आहे. परदेशात राहणाऱ्या ओसीआय कार्डधारकाला फ्लॅट, बंगला, एनए (बिगरशेती) प्लॉट, दुकान हे सगळं घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. ही बंदी दाखल्याने उठत नाही. ‘इथे राहायला आलात की चालेल’ असंही कुणी सांगेल. पण ४ मार्च २०२१ च्या गृहमंत्रालयाच्या अधिसूचनेत ओसीआयधारकांना मालमत्ता खरेदीची जी मुभा दिली आहे, तीतूनही शेतजमीन आणि फार्महाऊस वगळलेलंच आहे. त्या आशेवर निवृत्तीचा पैसा अडकवू नका. फेमाखाली दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि पैसे तुमचे, खरेदीखत एकट्या भावाच्या नावावर, ही वाट तर अजिबात धरू नका. तो बेनामी व्यवहार होतो. त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे, जमीनही जाते.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळू. ते चूक आहे. हिंदू वारसा कायदा वारसाचं नागरिकत्व विचारत नाही, आणि वारसाहक्काने आलेली शेतजमीन धारण करायला फेमाचीही मनाई नाही. विकत घेता येत नाही ती जमीन वारसाने येऊ शकते, हा फरक गावात फार थोड्यांना माहीत असतो. त्यामुळे भावाने मुद्दाम फसवलं असं मी गृहीत धरणार नाही. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, चौघांचा समान हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा बदलतो, पण तुमचा आणि बहिणीचा हक्क दोन्हीकडे आहेच. बहिणीला आजच फोन करा. हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही.

सातबारावर नाव नाही म्हणून हक्क गेला असंही नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. बहिणीकडून त्या वेळच्या वारस फेरफाराची नक्कल मागवा. वारसांच्या यादीत तुम्हा दोघांची नावं होती का, नोटीस कुणाला बजावली, हे त्यात दिसेल. भाऊ तयार असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूदाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडून सर्वांनी मिळून अर्ज करणं सगळ्यांत सोपं. तयार नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील. त्याची ६० दिवसांची मुदत उलटली आहे, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल. शेवटचा उपाय दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. आई हयात असताना तिथवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आईसमोर बसून बोला, पण बोलणं कागदावर उतरवा.

बहिणीला मुखत्यारपत्र देणार असाल तर ते न्यू जर्सीत नोटरीसमोर करून अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून होणारं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्यात विक्रीचा किंवा हक्कसोडीचा अधिकार देऊ नका. नोंदीच्या कामापुरतंच ठेवा. पुढे कधी हा हिस्सा विकावासा वाटला, तर तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल.

मग राहायचं कुठे? गावठाणातलं घर किंवा एनए प्लॉट पाहा. एनएचा मूळ आदेश मागा, एजंटच्या नकाशावर विसंबू नका. समुद्राजवळची जागा असेल तर सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नकाशावर ती कुठे येते ते आधी तपासा. तुमच्यासोबत पत्नीच्या नावानेही एक घर घेता येतं, तिचं ओसीआय अजून झालेलं नसलं तरी. विवाह नोंदलेला आणि किमान दोन वर्षं टिकलेला हवा.

पत्नीचं ओसीआय मात्र तिथून निघण्याआधीच करा. पर्यटक व्हिसावर सलग १८० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि त्या व्हिसावर इथे येऊन ओसीआयचा अर्जही करता येत नाही. अट तीच, नोंदणीकृत विवाहाची दोन वर्षं. तुमचा भाग न्यूयॉर्कच्या वकिलातीखाली येतो. कार्ड मिळालं की पोलीस नोंदणीची कटकट राहत नाही. घटस्फोट झाल्यास हे कार्ड रद्द होऊ शकतं, एवढं तिलाही माहीत असू द्या.

पैशाचं थोडक्यात. इतकी वर्षं बाहेर काढल्यामुळे परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं तुम्ही प्राप्तिकरासाठी ‘निवासी पण सामान्य निवासी नसलेले’ राहाल. त्या काळात अमेरिकेतल्या पेन्शन आणि व्याजावर इथे कर लागत नाही. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतनावर, त्यानंतरही नाही, कारण दोन देशांमधल्या करकराराने तो कर फक्त अमेरिकेचा आहे. अमेरिकी विवरणपत्र मात्र जन्मभर भरायचं आहे, आणि इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा अर्ज, भरायचा आहे. बँकेतला ओळखीचा माणूस म्युच्युअल फंड सुचवेल. अमेरिकी नागरिकाला भारतीय फंडांवर तिथे फार जाचक कर बसतो, तेव्हा नको म्हणा.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. तरी त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) बंद करण्याआधी विचार करा : पुन्हा घ्यायचा झाला तर दर बारा महिन्यांच्या खंडाला हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. इथे आरोग्य विम्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा २०२४ पासून उरलेली नाही, पण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दापोलीत घर घ्यायचंच आहे, तर मोठ्या इस्पितळापर्यंत पावसाळ्यात किती वेळ लागतो तेही एकदा गाडीने जाऊन पाहा.

इसाराची रक्कम परत मागणारं पत्र याच आठवड्यात पोच मिळेल अशा टपालाने आणि ईमेलने पाठवा. हा व्यवहार कायद्याने होऊच शकत नाही, म्हणून रक्कम परत करावी, एवढंच त्यात लिहा. फोनवर तडजोड करू नका. नागरिक आणि शेतकरी असल्याचं ते विधान तुम्हाला मान्य नाही, हेही त्याच पत्रात नोंदवा.