गोव्यात एका दिवसाची समुद्रकाठची वाईन टेस्टिंग टूर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पणजीत मुक्काम आहे, एक दिवस मोकळा आहे आणि माणशी साडेतीन हजारांत गाईडसकट किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून पाच प्रकारच्या वाईन चाखायला देणारी टूर मिळतेय. सोबत आईवडील आहेत. घ्यावी का?

नका घेऊ. एप्रिलमध्ये गोव्यात येऊन वाईन चाखायला समुद्रावर जायचं म्हणजे हापूसच्या दिवसांत रत्नागिरीला जाऊन सफरचंद मागण्यासारखं आहे. धंद्यापुरती द्राक्षं गोव्यात पिकत नाहीत. त्या पाच ग्लासांत बहुतेक नाशिककडची नाहीतर कर्नाटकातली वाईन असणार. ‘गोव्याची पोर्ट वाईन’ म्हणून जी गोड लाल वाईन देतात, तिचीही द्राक्षं घाटावरूनच येतात. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातली. वाईनच चाखायची असेल तर नाशिकला जा. तिथे जानेवारी ते मार्च तोडणी चालते, वेलीसमोर उभं राहून चाखता येतं आणि सांगणाऱ्याच्या हाताला त्या मातीचा वास असतो. त्याला टेस्टिंग म्हणतात.

आता हे मी एवढं तावातावाने का लिहितेय ते सांगते.

माझं माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. आजोबांपासून आमची काजूची भट्टी, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची फेणी, गोव्याची दारू, गाळायची जागा. फेब्रुवारीच्या शेवटी बोंडं पडायला लागली की मे अखेरपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. अंगाला, केसांना, शाळेच्या वह्यांनाही बोंडांचा वास यायचा. आम्ही भावंडं उजाडायच्या आत टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन बागेत जायचो आणि खाली पडलेली बोंडं टोचून गोळा करायचो. झाडावरचं बोंड तोडायचं नाही, जे आपणहून पडलं तेच पिकलेलं. मग बी पिळून वेगळी करायची आणि बोंडं जांभ्या दगडात कोरलेल्या हौदात टाकायची. बाबा पाय धुऊन त्यात उतरायचे.

सासर म्हापशाला. लग्नानंतर बाबा दर मे महिन्यात दोन बाटल्या फेणी पाठवायचे. सासरी ती कधी फळीवर दिसली नाही. तांदळाच्या पिंपामागे ठेवायची आणि कुणाला सर्दी झाली की छातीला चोळायला काढायची. पाहुणे आले की विलायती बाटली बाहेर यायची. ‘भट्टीवाल्यांची मुलगी’ हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकलाय, माजघरात, माझ्याच लग्नाच्या पहिल्या गणपतीत. हे इथे आणायचं कारण एवढंच की पुढे जे झालं ते त्याच घरातल्या माणसाने केलं.

माझा धाकटा दीर किनाऱ्यावर एका टूरवाल्याकडे गाईड म्हणून लागला होता. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एप्रिलात त्याचा फोन आला. “वहिनी, तुझ्या बाबांच्या भट्टीवर पाहुणे आणू का? अकराजण आहेत. सकाळी तिकडे भट्टी दाखवतो, संध्याकाळी इकडे समुद्रावर वाईन टेस्टिंग.”

मला केवढा आनंद झाला! ज्या घरात बाटली पिंपामागे असायची त्या घरातला माणूस माझ्या माहेरी पाहुणे आणणार. मी आदल्या रात्रीच वाळपईला गेले. बाबांनी भट्टीचा मांडव झाडून काढला, बसायला नव्या चटया आणल्या. आईने पहाटे उठून पेज, तोराचं लोणचं, फणसाची भाजी केली. चोथ्यावर दगड ठेवून रात्रभर जो रस ठिबकतो तो नीरो, आईने तो मडक्यात गाळून झाकून ठेवला. दहा वाजता येणार होते.

ते आले दीड वाजता. किनाऱ्यावरून निघायलाच उशीर, त्यात वाटेत दोन ठिकाणी बियरला थांबले होते. नीरो तोवर आंबायला लागला होता, आईने तो पुढे केला नाही. दिराने हातातला छोटा स्पीकर सुरू केला आणि म्हणाला, ही इथली गावठी, पायाने तुडवून करतात, घाबरू नका, संध्याकाळी तुम्हाला चांगली वाईन आहेच. सगळे हसले. एकाने नाक दाबलं. एका बाईंनी बाबांना विचारलं, “पाय तरी धुता का हो?”

बाबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. ते काही बोलले नाहीत. विहिरीवर गेले, कळशी आणली, त्या सगळ्यांच्या समोर उभं राहून पाय धुतले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, चोळून चोळून. मग हौदात उतरले. आठ-दहा मोबाइल वर झाले. मी आईच्या मागे उभी होते आणि दिराकडे बघत होते. तोही मोबाइल धरून होता.

ते पाय मी अजून विसरलेले नाही. नंतर मी मुद्दाम शोधून वाचलं. ज्या पोर्ट वाईनचं नाव ते लोक संध्याकाळी एवढ्या आदराने घेणार होते, तिची द्राक्षं दौरोमध्ये ग्रॅनाइटच्या हौदात माणसं पायानेच तुडवत आली. सगळ्यात उंची पोर्टसाठी काही ठिकाणी आजही पायच वापरतात. कारण साधं आहे. पावलाखाली फळ फुटतं पण बी फुटत नाही, बी फुटली की कडवटपणा उतरतो. तिकडच्या पायाला परंपरा म्हणायचं आणि बाबांच्या पायाकडे बघून नाक दाबायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. शिवाय फेणी गाळलेली असते. रस उकळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेचं पाणी होऊन जे पडतं ते तुम्ही पिता. ते दोनदा घडतं. वाईन कधी उकळत नाहीत.

त्या अकराजणांत एक कॉलेजातली मुलगी होती. सगळे फोटो काढून सावलीत गेले तेव्हा ती आईजवळ येऊन बसली. आई लावणीवर डावाने पाणी ओतत होती. सांगते नीट: आंबलेला रस तांब्याच्या भाणात तापतो, वाफ नळीतून बाजूच्या मडक्यात जाते, त्या मडक्याला लावणी म्हणतात. ती सतत थंड ठेवावी लागते, म्हणून कुणीतरी तिथे बसून सारखं पाणी ओतत राहायचं. माझी आई आयुष्यातले तीन महिने दर वर्षी तिथे बसलीय. त्या मुलीने विचारलं, “काकू, मी ओतू का?” आईने डाव दिला. पंधरा-वीस मिनिटं ती एका लयीत ओतत होती. मग तिने बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, “पाणी कोमट झालंय, बदलायचं का?”

आई तिच्याकडे बघतच राहिली. हे सांगावं लागत नाही अशी माणसं घरातही कमी असतात. पाणी कोमट झालं की वाफ नीट बसत नाही, माल जातो आणि चवही बिघडते. त्या मुलीला बाबांनी ताजा हुर्राक दिला, लिंबाचं सरबत, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून. पहिल्यांदा गाळून निघतो तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. त्यात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, ती ४० टक्क्यांच्या वर जाते. बाबांनी तिला पेल्यात उंचावरून फेणी ओतून फेस दाखवला. फेणी हे नावच फेसावरून आलंय. जुने लोक तो फेस किती वेळ टिकतो यावरून माल ओळखतात. बाकीच्या दहाजणांना हे काही कळलं नाही, कारण त्यांचा गाईड घड्याळ बघत होता. जेवायलाही कुणी थांबलं नाही. आईने केलेली पेज आम्ही रात्री खाल्ली.

निघताना दिराने बाबांच्या हातात पाचशेची नोट ठेवली. बाबांनी परत केली, म्हणाले पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत. यात मला बाबांचंही चुकलं वाटतं. त्यांनी घ्यायला हवे होते, आणि पाचशे नव्हे, चांगले घ्यायला हवे होते. जे फुकट मिळतं त्याच्याकडे माणसं तसंच बघतात.

भांडण झालं ते पुढच्या नोव्हेंबरात. दिराचा परत फोन आला. सीझन सुरू झालाय, पाहुणे आहेत, भट्टी दाखवायची आहे. मी म्हटलं, नोव्हेंबरात बोंडं कुठली? तो म्हणाला, “बोंडं नकोत गं, रिकाम्या भाणाखाली लाकडं पेटव, धूर दिसला की पुरे.” बाबांनी नाही म्हणून सांगितलं. रिकामं तांब्याचं भाण आगीवर ठेवलं तर ते जळतं, हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी त्याने विचारलंच असतं असं मला वाटतं. दीर आजही म्हणतो, वहिनी, लोक दोन दिवस मजा करायला येतात, त्यांना खरं-खोटं नको असतं, छान दिसलं की झालं. मी म्हणते, लोकांना काय हवंय ते तू त्यांना कधी विचारलंस? त्या मुलीला विचारलं होतंस? हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तुम्ही ती साडेतीन हजारांची टूर घेतलीत तर त्याचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

आता तुमच्या उपयोगाचं. एप्रिल म्हणजे ऐन काजूचा हंगाम, नशीबवान आहात. पणजीहून टॅक्सी करा, स्वतः गाडी चालवू नका, परत येताना कुणीतरी शुद्धीत लागतोच. साखळीवरून वाळपईला दीड तासाच्या आत पोचता. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण कुठेही जा, हंगामात रस्त्याने जातानाच वासावरून भट्टी कळते. ज्या हॉटेलात राहाल तिथल्या सत्तरीच्या नाहीतर डिचोलीच्या पोराला विचारा. प्रत्येकाचा एखादा मामा भट्टीवाला असतो. आधी निरोप पाठवा. पैसे किती ते आधी विचारा आणि मान राखून द्या. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या.

समुद्रच हवा असेल तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जा, बाणावली, माजोर्ड्याच्या बाजूला. तिथे माडाची फेणी होते आणि ती खरोखरच किनाऱ्यावरची चीज आहे. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा तो रेंदेर. दिवसातून तीन वेळा माडावर चढावं लागतं त्याला. आता ही माणसं कमी होत चाललीत, कारण मुलांना बोटीवरची नोकरी हवी असते आणि त्यांना दोष देता येत नाही. माडाची फेणी काजूसारखी तीन महिन्यांची नाही, म्हणून डिसेंबरात येणाऱ्यांनाही मी तीच सांगते. वाळूत बसून बाटली उघडण्याचा विचार मात्र करू नका, उघड्यावर पिण्याला २०१९पासून दंड आहे. आणि २१च्या आतलं कुणी सोबत असेल तर त्याला नीरोच द्या.

फेणी ‘गावठी’ म्हणून हिणवणाऱ्यांसाठी: २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. त्या दिवशी मी वर्तमानपत्राचं ते पान कापून म्हापशाच्या घरात फ्रिजवर लावलं होतं. कुणी काही बोललं नाही, पण काढलंही नाही. बाटली मात्र आता फळीवर असते.

सगळेच गाईड तसे असतात असं माझं म्हणणं नाही. फेणी करणाऱ्यांपैकी काहीजण आता स्वतःच भट्ट्या आणि कोठारं दाखवतात, मन लावून दाखवतात, तशी टूर मिळाली तर जरूर घ्या. बुकिंग करताना एवढंच विचारा की त्या दिवशी भट्टी पेटलेली असेल का आणि तिथे किती वेळ थांबणार. पाऊण तासाच्या आत निघणार असतील तर पैसे घालवू नका. पायाने तुडवणंही आता सगळीकडे दिसणार नाही, बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. बाबांनीही गुडघ्यांमुळे तीन वर्षांपूर्वी यंत्र घेतलं. आणि तुमच्या आईवडिलांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. एप्रिलच्या दुपारी भट्टीजवळ उभं राहणं सोपं नसतं, ब्लड प्रेशरचा त्रास असेल तर त्यांना मांडवाबाहेर झाडाखाली बसवा.

बाटली महाराष्ट्रात न्यायची असेल तर परवाना आधी काढा, सीमेवर बांद्याला गाड्या तपासतात. हुर्राक न्यायच्या भानगडीत पडू नका, तो टिकत नाही, तिथेच प्या.

आणि सकाळी लवकर निघा. आठ-साडेआठला भट्टीवर असायला हवं, म्हणजे नीरो गोड मिळेल. दहानंतर विचारलंत तर चांगली बाई तो तुमच्यापुढे ठेवणार नाही.