निर्वात ऊर्जा आणि कृष्ण ऊर्जा: एकच की वेगवेगळ्या?

प्रश्न असा आला आहे: निर्वात म्हणजे काहीच नसलेली जागा, मग 'निर्वात ऊर्जा' हा वदतोव्याघात नाही का? आणि त्याऐवजी 'कृष्ण ऊर्जा' म्हटलं तर चालेल का?

वदतोव्याघात नाही. 'निर्वात'मधून फक्त वात गेला आहे. बाकी सगळं गेलं असं तो शब्द म्हणतच नाही. पुंजक्षेत्र सिद्धांत (क्वांटम फील्ड थिअरी) कण आणि प्रकाश यांना जागाभर पसरलेल्या क्षेत्रांची स्पंदनं मानतो; त्यात निर्वात म्हणजे क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था. जागेतले कण, प्रकाश, सगळं काढून घेतलं तरी विद्युतचुंबकीय क्षेत्र उरतंच, आणि अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे ते पुरतं स्तब्ध राहू शकत नाही. तेव्हा जी ऊर्जा शिल्लक राहते ती निर्वात ऊर्जा. 'शून्यबिंदू ऊर्जा' हा शब्दही चालतो. नुसतं 'शून्य ऊर्जा' मात्र लिहू नये, अर्थ थेट उलटा होतो. (या ऊर्जेवर यंत्रं चालवण्याच्या जाहिराती दिसतात. किमानाच्या खाली काढायला काही उरत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.)

विश्वाच्या संदर्भात तिचा खरा विशेष असा की ती विरळ होत नाही. विश्व प्रसरण पावतं तसं द्रव्य पातळ होत जातं; निर्वात ऊर्जेचं तसं नाही. आकारमान दुप्पट झालं की तीही दुप्पट, घनता जिथल्या तिथे. त्यामुळे तिचा दाब ऋण ठरतो, आणि सामान्य सापेक्षतेनुसार, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार, असा दाब प्रसरणाला वेग देतो. आइन्स्टाइननं १९१७ मध्ये या सिद्धांताच्या समीकरणात घातलेला वैश्विक स्थिरांक गणितात हुबेहूब असाच वागतो. म्हणून 'निर्वात ऊर्जा' आणि 'वैश्विक स्थिरांक' या दोन संज्ञांची अदलाबदल सर्रास होते, आणि ती फारशी खटकत नाही.

'कृष्ण ऊर्जे'ची गोष्ट निराळी. दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होऊन प्रचंड उजळलेल्या ताऱ्यांवरून) १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढतोय असं दिसलं. त्यामागचं जे काही कारण असेल, त्याला दिलेलं हे नाव. निर्वात ऊर्जा त्या जागेची प्रमुख दावेदार आहे, पण आकडे जुळत नाहीत. निरीक्षणांतून मिळणारी घनता घनमीटरला सुमारे ०.६ अब्जांश ज्यूल. पुंजसिद्धांताचा ढोबळ हिशेब प्लांक मर्यादेपर्यंत (आजचं भौतिकशास्त्र जिथवर लागू पडेल असं मानतात त्या अतिसूक्ष्म अंतरापर्यंत) ताणला तर उत्तर त्याच्या जवळजवळ १ वर १२० शून्यं इतके पट येतं!

तेव्हा 'कृष्ण ऊर्जेमुळे प्रसरणाचा वेग वाढतोय' हे वाक्य निर्धास्त लिहावं. तिथेच 'निर्वात ऊर्जेमुळे' लिहिलं, तर न सुटलेल्या वादात तुम्ही एक बाजू घेतलीत.