ज्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही, त्यांचं गाणं ऐकतेय

तुम्ही विचारलंय की सध्या काय ऐकताय, आणि फोन रोज तीच तीच गाणी पुढे करत असेल तर माणसाने दुसरीकडे वळावं तरी कुठे. माझं उत्तर जरा विचित्र वाटेल. गेले काही महिने मी जयपूर-अत्रौली घराण्याची ख्यालगायकी उभी करणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं ऐकतेय, आणि खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज मिळत नाही.

१९४६ साली ते मुंबईत गेले. तोवर आपल्याकडे तबकड्यांचा जमाना चांगला रुळला होता, त्यांच्या शिष्यांच्या रेकॉर्डी बाजारात होत्या. त्यांनी स्वतःचं गाणं मात्र तबकडीवर येऊ दिलं नाही. मग ऐकायचं कसं? शिष्यांमधून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर, आणि पुढच्या पिढीतल्या किशोरीताई आमोणकर, धोंडूताई कुलकर्णी. प्रत्येकाचा आवाज वेगळा, स्वभाव वेगळा. पण आलटून पालटून ऐकत राहिलं की सगळ्यांच्या गाण्यात जे समान आहे ते हळूहळू कानात बसायला लागतं. ते समान जे आहे ते खाँसाहेबांचं, असं धरून मी ऐकते. संगीताचे अभ्यासक याला किती मान देतील ते देवो, मला मात्र यातून ऐकण्याची एक वाट सापडली.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराण्यात धृपद-धमार गायचा वारसा. तरुणपणी त्यांचा आवाज मोकळा आणि फिरता होता म्हणतात. पुढे अमलेत्याच्या दरबारात दिवसामागून दिवस, तासन्‌तास गावं लागलं आणि आवाज बसला. बऱ्याच काळाने परत आला तो जड होऊन. त्या जड आवाजातून जे काढता येईल ते शोधताना त्यांनी ख्यालाची वेगळीच गायकी उभी केली. तान सरळ वर-खाली न जाता वळणं घेत, मागे येऊन पुढे जात चालते, ती वक्र गती तिथून आली असं जाणकार सांगतात. १८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला आले, आणि जयपूर-अत्रौली नावाचं हे घराणं खऱ्या अर्थाने वाढलं ते कोल्हापूर, मुंबई, गोवा आणि धारवाड या पट्ट्यात. नाव राजस्थानचं आणि उत्तरेचं, पण ते गाणाऱ्यांची यादी काढली तर ती बहुतेक आपल्याच मुलखातली निघते.

मी बेळगावची, त्यामुळे मन्सूरअण्णांपासून सुरुवात होणं साहजिक होतं. धारवाड आकाशवाणीवर ते संगीत सल्लागार होते, आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्यांचा आवाज पाठ. सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त वाजतोय त्यांचा बसंती केदार, ‘अतर सुगंध’ ही बंदिश. हा जोडराग आहे, बसंत आणि केदार यांचा. आता गंमत बघा. बसंतात रिषभ आणि धैवत कोमल, केदारात दोन्ही शुद्ध. केदार सा वरून थेट मध्यमावर जाऊन बसणारा, शांत, भारदस्त. बसंत सारखा वरच्या षड्जाकडे धावणारा. म्हणजे हे दोन राग एकमेकांशी जमवून घ्यायला तयारच नाहीत. कच्चा गवई असेल तर थोडा वेळ केदार, थोडा वेळ बसंत असं गाईल आणि मधला सांधा उघडा पडेल. अण्णांच्या गाण्यात तो सांधा मला अजून सापडलेला नाही. केदारच्या मध्यमावर ते टेकतात, आपल्याला वाटतं आता खाली उतरतील, आणि त्याच दमात ते बसंताच्या कोमल धैवतावर असतात. कधी वळले ते कळत नाही. मागे नेऊन तो तुकडा पुन्हा लावते, पुन्हा तेच.

दुसरं म्हणजे त्यांची सम, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. विलंबित म्हटलं तरी लय फार संथ नाही, तीनतालाचं आवर्तन चालतं ठेवलेलं. ते आवर्तन आलाप, बोल आणि तानांनी असं भरत आणतात की कुठे पोकळी राहत नाही. साठी-सत्तरीतलं गाणं आहे, तरी दम असा की श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं. बरोबर मुलगा राजशेखर मन्सूर गाताना ऐकू येतात, आणि त्या दोन आवाजांतून मला तर घरातली तालीमच ऐकू येते.

केसरबाईंकडे मी नंतर वळले, आणि त्यांच्यासाठी कान वेगळा लावावा लागला. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. पार्श्वभूमीला खरखर. पहिल्यांदा ऐकताना खरखरच जास्त ऐकू येते, तिच्यामुळे बरेच लोक तिथूनच परत फिरतात. फिरू नका. हेडफोन लावा, आवाज थोडा कमी ठेवा आणि त्यांचा नट कामोद ऐका, ‘नेवर बाजो रे’. एवढ्या छोट्या वेळात त्या घाईने काही उरकत नाहीत. अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, मांडतात, राग उभा करतात, तानांना जागा देतात आणि वेळ संपते तेव्हा आपल्याला पूर्ण मैफल ऐकल्याचं समाधान असतं. तो खणखणीत, सपाट न होणारा ‘आ’कार! तिन्ही सप्तकांत त्याची जाडी बदलत नाही. १९२१ पासून खाँसाहेब जाईपर्यंत केसरबाईंनी त्यांच्याकडे तालीम घेतली, रोज तासन्‌तास. ती तालीम त्या तीन मिनिटांत ऐकू येते.

केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली, हे अनेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे: व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. गोव्यातल्या केरी गावच्या बाईचा आवाज ग्रहांच्या पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलाय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरी एक सांगते. भैरवी सुंदर आहे, पण त्यांच्या गायकीची खरी ओळख हवी असेल तर तेवढ्यावर थांबू नका. नट कामोद, ललत, ललितागौरी ऐका.

मोगूबाईंची रेकॉर्डिंग फारच थोडी, आणि याची हळहळ वाटते. लयीवर त्यांची हुकमत अशी की तबल्याशी भांडण नाही, कुरघोडी नाही, तरी प्रत्येक मात्रा मोजून वापरलेली. सांगलीत त्या रियाझ करत असताना खाँसाहेबांनी ऐकलं आणि शिकवायला सुरुवात केली, अशी हकीकत आहे. मधली काही वर्षं त्या खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडेही शिकल्या. मोगूबाईंचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात ते वर येतं, गावची माणसं तिथे जमतात. मोगूबाई ऐकताना हे गाव माझ्या मनातून जात नाही.

किशोरीताई इथे थोडक्यात सांगते, कारण त्या तुम्ही ऐकल्याच असतील. भूपातलं ‘सहेला रे’ महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. पण त्यांच्या आईचं, म्हणजे मोगूबाईंचं, गाणं ऐकून मग ताईंचं ऐका, म्हणजे त्यांनी काय बदललं ते कळेल. त्यांनी आलाप लांबवला, एकेका स्वराजवळ थांबायला सुरुवात केली. घराण्यातल्या काहींना ते रुचलं नाही. तरुणपणी त्यांचाही आवाज काही काळ गेला होता. खाँसाहेबांचा आवाज गेला आणि गायकी बदलली, ताईंचा गेला आणि परत आल्यावर त्यांनीही गाण्याकडे नव्याने पाहिलं. हा माझाच लावलेला संबंध आहे, पण मला तो खोटा वाटत नाही.

तुम्हाला सुचवायचंच तर एक सोपा रस्ता सांगते. मालकंस बहुतेकांच्या कानावर असतो. पाच स्वरांचा राग, त्यात रिषभ आणि पंचम वर्ज्य, म्हणजे लागतच नाहीत. नेहमीचा मालकंस कोणाचाही दोन-तीन दिवस ऐका. मग किशोरीताईंचा संपूर्ण मालकंस लावा. या घराण्यात गायला जाणारा हा प्रकार आहे, त्यात वर्ज्य असलेले दोन्ही स्वर येतात. पहिल्यांदा पंचम आला की दचकायला होतं, इतका तो ओळखीच्या जागी अनोळखी वाटतो. रागाचं नाव, थाट, वेळ काही पाठ करू नका. तो पंचम आला की तुम्हाला कळलं, एवढं पुरे. तिथून मन्सूरअण्णांच्या अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, रागांकडे वळायला काही अडचण येणार नाही: शिवमत भैरव, एक निषाद बिहागडा, खट. अ‍ॅपवर हे आपोआप समोर येणार नाही, रागाचं नाव आणि गायकाचं नाव टाकून शोधावं लागतं. जुन्या संग्राहकांनी खाजगी मैफलींची रेकॉर्डिंग यूट्यूबवर मोकळेपणाने टाकून ठेवली आहेत, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

एक सूचना मात्र नक्की. हे स्वयंपाक करताना मागे लावून ठेवायचं गाणं नाही, निदान सुरुवातीला तरी. वीस मिनिटंच द्या, पण बसून द्या.

माझं पुढचं ऐकणं ठरलंय. धोंडूताई कुलकर्णी. खाँसाहेबांचे चिरंजीव आणि मन्सूरअण्णांचे गुरू भुर्जी खाँ आणि केसरबाई या दोघांचीही तालीम त्यांना मिळाली, म्हणजे मन्सूरअण्णा आणि केसरबाई हे मी वेगवेगळं ऐकलेलं त्यांच्याकडे एकत्र भेटावं असा माझा अंदाज आहे. त्यानंतर कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक. बुवांची लांब, सलग मैफल कोणाकडे असेल तर कृपया खाली प्रतिक्रियेत कळवा, मी शोधतेच आहे.