वही परत द्या, मग अभ्यासक्रमाविषयी बोलू

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीला ८४ टक्के गुण आहेत. तिला चित्रपट आणि दूरचित्रवाणीचा अभ्यास करायचा आहे, पण दिग्दर्शन किंवा छायाचित्रण नको म्हणते. प्रेक्षक, हा व्यवसाय आणि कलाकृतींचे विश्लेषण एवढेच तिच्या डोक्यात आहे. मालिका लागली की ती वही घेऊन बसते. आजी कोणत्या प्रसंगाला उठून जाते, भाग नेमका कुठे तुटून जाहिरात लागते, एकाच संवादात किती जणांचे चेहरे दाखवले, असल्या नोंदी करते. प्रवेशपरीक्षा होईपर्यंत ती वही मी कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. आमचा आग्रह अभियांत्रिकीचा आहे. सिनेमे पाहायला पदवी कशाला लागते? तडजोड म्हणून निदान दिग्दर्शन तरी घे, असे तिला सांगावे का? – एक पालक

उत्तर : मुलीच्या गुणांची मला अजिबात काळजी वाटत नाही. आपल्या पत्रातील काळजीची गोष्ट ते कुलूप आहे. मुलगी अभ्यास टाळते, खोटे बोलते किंवा दिवसभर पडद्यासमोर असते, अशी कोणतीही तक्रार आपण केलेली नाही; तक्रार एवढीच आहे की ती पाहते आणि पाहिलेले लिहून ठेवते. आपण तिच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून ज्या तीन नोंदी दिल्या आहेत, त्यांतील पहिली प्रेक्षकांच्या अभ्यासात मोडते, दुसरी दूरचित्रवाणीच्या अर्थकारणात आणि तिसरी कलाकृतीच्या विश्लेषणात. या विद्याशाखेची तीन मुख्य अंगे कोणी शिकवलेली नसताना या मुलीने स्वतःहून हाताळायला सुरुवात केली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी घरातून तिला सांगितले जात आहे की ही लपवून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो. परंतु आपले कुतूहल घरच्यांना लाजिरवाणे वाटते, हे एकदा मनात बसले की ते काढायला फार वर्षे लागतात. म्हणून कोणताही निर्णय होण्यापूर्वी ती वही तिला परत द्यावी, असे मी आपल्याला आग्रहाने सांगतो.

आता ‘सिनेमे पाहायला पदवी कशाला’ या प्रश्नाकडे येतो, कारण हा गैरसमज केवळ आपला नाही. कौटुंबिक मालिकेतील दोन मिनिटांचा एक प्रसंग घ्या. सून एक वाक्य बोलते आणि कॅमेरा घरातील पाचही जणांच्या चेहऱ्यांवर एकेक करून जातो. विद्यार्थ्याने येथे प्रत्येक शॉट किती सेकंदांचा आहे, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, कोण कोणाकडे पाहते आणि कोणाचे पाहणे आपल्याला दाखवलेच जात नाही, संगीत चेहऱ्याच्या आधी सुरू होते की नंतर, हे नोंदवायचे असते. या मांडणीमुळे आपण नकळत कोणाच्या बाजूला जाऊन उभे राहतो, हे त्यानंतर पुराव्यासह सिद्ध करून दाखवायचे असते. इतके केल्यावरही अर्धेच काम होते, कारण प्रेक्षक खरोखर त्या बाजूला जातो का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. ब्रिटनमधील संस्कृती व माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडले की प्रेक्षक पडद्यावरचा अर्थ जसाच्या तसा स्वीकारू शकतो, स्वतःच्या अनुभवाशी जुळवून बदलू शकतो किंवा साफ नाकारू शकतो. पुढे माध्यमांच्या अभ्यासक इएन आंग यांनी ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेविषयी नेदरलँड्समधील एका महिला नियतकालिकात छोटी जाहिरात देऊन प्रेक्षकांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. त्यांना ४२ पत्रे आली आणि तेवढ्याच पत्रांवर त्यांनी आपला अभ्यास उभा केला. मालिकेतील श्रीमंती खरी वाटत नसली तरी तिच्यातील भावना खऱ्या वाटतात, आणि मालिका आवडणाऱ्यांनाही ‘हे हलके आहे’ या समाजाच्या शेऱ्याला उत्तर देत बसावे लागते, हे त्या पत्रांतून पुढे आले. आजी कोणत्या प्रसंगाला उठून जाते, ही नोंद याच जातीची आहे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्राला संच चालू आहे आणि अमुक व्यक्तीने आपले बटण दाबले आहे, एवढेच कळते. ती व्यक्ती उठून गेली आणि बटण तसेच राहिले, तर यंत्राच्या लेखी ती पाहतेच आहे.

व्यवसायाचा अभ्यास म्हणजे नटनट्यांच्या बातम्या नव्हेत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंच्या विरोधात निकाल दिला आणि त्यांना चित्रपटगृहांची मालकी सोडावी लागली, तेव्हा कोणते चित्रपट बनतात आणि कोण बनवते, हेही बदलले. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन एकाच हाती असेल तर काय होते, हा प्रश्न आजच्या स्ट्रीमिंग कंपन्यांनाही तितकाच लागू आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी कायदा व अर्थशास्त्र दोन्ही कळावे लागते.

दिग्दर्शनाची तडजोड मात्र कृपया करू नका. दिग्दर्शन हे करण्याचे शास्त्र आहे आणि तुमच्या मुलीला समजून घेण्याची ओढ आहे. जे तिने मागितलेले नाही ते तिच्यावर लादून घराचे समाधान करणे, हा दोन्ही बाजूंचा तोटा आहे.

माझा सल्ला कदाचित तिलाही लगेच रुचणार नाही. पदवीला तिने केवळ चित्रपटाचा अभ्यासक्रम घेऊ नये. समाजशास्त्र, साहित्य, इतिहास किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय नेटाने करावा, सोबत संख्याशास्त्र सोडू नये आणि पदव्युत्तर स्तरावर चित्रपट व माध्यम अभ्यासाकडे वळावे. नमुना कसा निवडतात आणि सरासरीमागे काय लपते हे ज्याला कळत नाही, त्याला प्रेक्षकांविषयीचे आकडे मुकाट्याने मान्य करावे लागतात. प्रवेशपरीक्षांचा तपशील विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत असतोच. तेथे पाहायची गोष्ट वेगळी आहे : ‘माध्यम’ या नावाखाली निवेदन आणि संकलनच शिकवणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, म्हणून वाचनसूची मागवावी आणि शेवटच्या वर्षी लघुपट करायचा असतो की प्रबंध लिहायचा असतो, हे विचारावे.

नोकरीविषयी मी गोड बोलणार नाही. विद्यापीठांतील जागा थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी पीएचडीची वर्षे द्यावी लागतात. वृत्तपत्रांतील समीक्षेवर पोट भरणे कठीण झाले आहे. मात्र वाहिन्या आणि स्ट्रीमिंग कंपन्यांचे संशोधन विभाग, जाहिरात संस्थांमधील माध्यम नियोजन, प्रेक्षक संशोधन संस्था, चित्रपट संग्रहालये आणि महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारी मंडळे, या ठिकाणी पाहिलेले नेमकेपणाने मांडता येणारी माणसे लागतात. सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न बेताचे राहील, हे आपण आणि तिने आत्ताच एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

एक गोष्ट मला आपल्या पत्रावरून कळू शकली नाही : या तिन्हींपैकी तिचा सर्वाधिक ओढा कशाकडे आहे? प्रेक्षकांकडे असेल तर पदवीला समाजशास्त्र योग्य, व्यवसायाकडे असेल तर अर्थशास्त्र आणि विश्लेषणाकडे असेल तर साहित्य. हे आपण तिच्या वतीने ठरवू नये. पुढचे पत्र तिला लिहू द्यावे.