देवळामागचा तीन कप्प्यांचा दगड आणि गाढवाचं शिल्प: माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या महादेवाच्या देवळामागे पाराला टेकून एक कोरीव दगड उभा आहे. त्यावर तीन कप्पे आहेत आणि खालच्या कप्प्यात गायी दिसतात. शेजारी अर्धा मातीत गेलेला दुसरा दगड आहे, त्यावर गाढव आणि बाई. गावात पहिल्याला ‘पांडव’ म्हणतात, शेंदूर लावतात, मध्ये कुणीतरी ऑइलपेंटही फासलाय. हे काय आहे, किती जुनं आहे, आणि रंग खरवडून काढावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: खरवडू नका. कारण पुढे येईलच.

पहिला दगड वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक. वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला, आणि तुमच्याकडे गायी आहेत म्हणजे बहुतेक गोधन वाचवताना मेलेला. त्या काळात शेजारच्या मुलखातली गुरं पळवणं ही लढाईची नेहमीची रीत होती, त्यामुळे गायींचे वीरगळ गावोगावी सापडतात. त्याच्या वर लढाई. मग अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, बऱ्याचदा समोर पुजारी आणि मागे नंदी. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. कधी तीन कप्पे, कधी चार. तुमच्याकडे तीनच मोजलेत, पण तळ मातीत असेल तर एखादा कप्पा खाली गाडलेला असू शकतो.

इथपर्यंतची माहिती कुठेही मिळेल. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. बरेच हौशी लोक हा साचा पाठ करतात, दगड दिसला की ‘वीरगळ, यादवकालीन’ म्हणून फोटो टाकतात आणि पुढच्या गावी निघतात. वरचे दोन कप्पे जवळपास सगळीकडे सारखेच असतात, स्वर्ग सगळ्यांना एकाच मापाचा मिळालाय. पाथरवट मोकळा सुटतो तो लढाईच्या कप्प्यात. तिथे बघा: केस बांधलेत कसे, अंबोडा डोक्यावर की मानेवर, ढाल गोल की लांबट, कट्यार कमरेला कुठल्या बाजूला, समोर किती जण, त्यांच्यात कुणी घोड्यावर आहे का. मेलेला माणूस आणि लढणारा माणूस एकच आहे हे दाखवायला पाथरवट कधी कधी तीच केशरचना दोन्ही कप्प्यांत कोरतो. ते एकदा लक्षात आलं की दगडावरचा ‘एक योद्धा’ जाऊन तिथे एक ठरावीक माणूस दिसायला लागतो.

मुंबईकरांनी यासाठी एक्सरला जावं. बोरिवली पश्चिमेला, इमारतींच्या गर्दीत सहा वीरगळ उभे आहेत, त्यातले मोठे माणसापेक्षा चांगलेच उंच. काहींवर जमिनीवरची लढाई आहे आणि बाकीच्यांवर चक्क आरमारी. शिडाच्या काठ्या उभ्या असलेली जहाजं, कडेला वल्ह्यांची एकसारखी ओळ, वर धनुष्य ताणलेली माणसं. वल्ह्यांची तिरकी रेघ नीट बघा. सगळी वल्ही एकाच कोनात आहेत, म्हणजे कोरणाऱ्याने एका तालात वल्हवणं डोळ्यांनी पाहिलेलं असणार. ही लढाई कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी ती जोडतात. काही जण त्याच्या दोन-अडीचशे वर्षं आधीच्या, माळव्याच्या भोजाच्या कोकण स्वारीशी. सोमेश्वर समुद्रात बुडाला, महादेव यादवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याने वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी पत्करला, असं हेमाद्री लिहितो. राजाच्या पदरी असलेल्या पंडिताने हरलेल्या शत्रूबद्दल लिहिलंय, तेव्हा जपूनच वाचायचं, पण ओळ झकास आहे. गोव्यातही जहाज कोरलेले कदंबकालीन वीरगळ संग्रहालयात ठेवलेत. तिकडे गेलात तर समुद्रकिनाऱ्यातून दोन तास काढा.

साचा मोडण्याचं माझं आवडतं उदाहरण मात्र कर्नाटकातलं, अतकूरचं. इ.स. 950 च्या आसपासचं, राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांच्या काळातलं. बूतुगाचा मणलेर नावाचा सरदार लढाईत पराक्रम करतो. राजा म्हणतो, काय हवं ते माग. हा मागतो काळी नावाचं कुत्रं. पुढे ते कुत्रं रानडुकराशी झुंजतं आणि दोघंही मरतात. दगडावर कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले आहेत आणि भोवती जुन्या कन्नडमध्ये ही सगळी हकीकत. दगड आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. अप्सरा नाहीत, कैलास नाही. गावोगावचे वीरगळ पाहून झाल्यावर हा बघावा, म्हणजे त्याची गंमत कळते.

आता तुमचा दुसरा दगड. तो गधेगाळ. लोक लाजून तोंड फिरवतात किंवा अपशकुनी म्हणून पालथा घालतात, म्हणून असे दगड वीरगळांपेक्षा जास्त हरवतात. खरं तर तो जमिनीच्या दानाचा कागद आहे. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवाला, ब्राह्मणाला जमीन दिली. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली हे चित्र. जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढवाचा प्रसंग येवो, अशी ती शिवी आहे, आणि अक्षर न येणाऱ्यालाही समजावी म्हणून कोरलेली. परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा 1187 चा लेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातलं दानाचं बोलणं संस्कृतात आणि शिवी मराठीत. धाक ज्यांना घालायचा त्यांच्याच भाषेत घातलाय, यात आठशे वर्षांपूर्वीच्या कोकणात कोण काय बोलत होतं याचा पुरावा मिळतो. बाईच्या देहावरून दिलेली धमकी आहे ही, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण दगड म्हणून तो वीरगळाइतकाच मोलाचा.

किती जुनं? लेख नसेल तर शतक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वीरगळ उभारणं यादवांबरोबर संपलं नाही, पुढेही कित्येक पिढ्या चालू राहिलं. जवळ जुनं देऊळ असेल तर त्याच्या खांबांवरून अंदाज बांधता येतो, एवढंच. आणि लेख असला तरी भांडणं मिटत नाहीत: अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचा शक अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी 934, म्हणजे इ.स. 1012 वाचला, दुसऱ्यांनी तोच 1132, म्हणजे 1210.

रंगाबद्दल. शेंदूर शतकानुशतकं बसलेला असतो आणि कधी कधी त्याची जाड खोळ आपोआप गळून पडते, आत कोरीवकाम शाबूत निघतं. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा पॉलिश पेपर लावलात तर बेसॉल्टवरचं नाक-डोळे पुसले जातात ते कायमचे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासण्याचा प्रकारही बंद करा. घासताना आपण नसलेली रेघ असल्यासारखी दाखवतो आणि पुढचा वाचणारा फसतो. शिवाय तो गावाचा देव आहे. गुरवाला विचारा, म्हाताऱ्यांना विचारा, ‘पांडव’ का म्हणतात तेही लिहून घ्या. उचलून अंगणात किंवा शाळेत नेऊन मांडायचा मोह झाला तर थांबा: शंभर वर्षांहून जुनं शिल्प 1972 च्या कायद्याखाली पुरावशेष ठरतं, आणि जागेवरून हलवलेल्या दगडाची निम्मी माहिती तिथेच संपते. खरा धोका जीर्णोद्धाराचा. नवा ओटा बांधताना असे दगड सरळ भरावात जातात, ग्रॅनाइट वरून बसतं. तुमच्याकडे तशी वर्गणी चालू असेल तर देवस्थानच्या मंडळींशी आत्ताच बोला आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला फोटोसकट पत्र द्या.

फोटो दुपारी काढू नका, सगळं सपाट येतं. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर, नाहीतर अंधारात बाजूने टॉर्च धरून, उजेड दगडाला घासून जाईल असा. शेजारी फूटपट्टी ठेवा. वीरगळाच्या प्रत्येक कप्प्याचा वेगळा फोटो हवा, आणि गधेगाळाच्या मधल्या सपाट भागाचा टॉर्च डावीकडून, मग उजवीकडून धरून. तिथे ओळी असतील तर अशाच उजेडात दिसतील. माती मात्र उकरू नका, आहे तिथपर्यंतचाच फोटो टाका, मग बघू.